गाळाच्या बार्जवरचे हेर

कुणकेश्वराच्या देवळाची कथा आमच्याकडे प्रत्येक पोराला तोंडपाठ असते. एक परदेशी व्यापारी, कुणी अरब म्हणतं, कुणी इराणी, त्याचं तारू वादळात सापडलं. काळोखात किनारा कुठे, खडक कुठे, काही कळेना. तेवढ्यात लांबवर एक दिवा मिणमिणला. ‘वाचवलंस तर तुझं देऊळ बांधीन,’ असा नवस तो बोलला, वाचला आणि देऊळ बांधून दिलं. इतिहास म्हणून या कथेचा आग्रह कुणी धरत नाही. पण ती सांगणारी माणसं दर्यावर जगणारी आहेत. रात्रीच्या समुद्रात एका दिव्याची किंमत काय, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

१९४३ साली महाशिवरात्र ४ मार्चला होती. कुणकेश्वराच्या वाळूवरची जत्रा उठून पाच दिवस झाले, आणि इथून दक्षिणेला समुद्रमार्गे शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पोर्तुगिजांच्या मुरगाव बंदरात, त्या रात्री दिवे नेमके विझलेले होते. त्या काळोखातून गाळ वाहणारी एक जुनाट बार्ज हळूच आत शिरली. तिच्यावर कोलकात्याचे तागाचे व्यापारी, चहाच्या कंपन्यांतले साहेब आणि हिशेबनीस होते. चेहऱ्याला काजळी फासलेली, हातात स्टेनगन आणि पोटात गोळा.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९४२ मध्ये, पॅरामाउंट कंपनीचा ‘माय फेव्हरिट ब्लाँड’ हा चित्रपट अमेरिकेत झळकला होता. बॉब होप त्यात एका शिकवलेल्या पेंग्विनला घेऊन रंगमंचावर खेळ करणारा नट झाला आहे. त्याच्या गळ्यात एक ब्रिटिश हेर बाई पडते, तिच्याकडच्या विंचवाच्या आकाराच्या पिनेत लढाऊ गुपित लपवलेलं असतं, आणि जर्मन हेर दोघांच्या मागे लागतात. बाई होती मॅडलीन कॅरोल. १९३५ साली हिचकॉकच्या ‘द थर्टी नाइन स्टेप्स’मध्ये ती गंभीर चेहऱ्याने अशाच भानगडीत सापडली होती. हेरपटांची सगळी हत्यारं घ्यायची आणि ती एका भित्र्या, बडबड्या, नको त्या माणसाच्या हाती द्यायची, एवढीच त्या विनोदाची युक्ती. लोक पोट धरून हसले. लंडनवर बॉम्ब पडले होते, कॅरोलची सख्खी बहीण त्यातच गेली होती; तरी हसले, किंवा म्हणूनच हसले.

मुरगावची गोष्ट वाचताना मला दर वेळी हा सिनेमा आठवतो. फरक इतकाच की इथे पेंग्विन नव्हता आणि माणसं खरी मेली.

सुरुवात युद्धाच्या पहिल्याच दिवसांत झाली. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं तेव्हा हिंदी महासागरात जर्मन मालवाहू जहाजं फिरत होती. त्यातली बरीच ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची. मुंबई-कोलकात्याच्या गोदीला ही कंपनी चांगली ओळखीची होती, आणि तिच्या बॉयलरखोल्यांत कोळसा ओढायला हिंदी खलाशी असत. युद्ध लागताच या जहाजांनी जवळचं तटस्थ बंदर गाठायचं ठरवलं. पश्चिम किनाऱ्यावर असं एकच मोठं बंदर होतं, पोर्तुगिजांचं मुरगाव. तिथे एहरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स ही तीन जर्मन जहाजं येऊन नांगर टाकून बसली. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर अंफोरा हे इटालियन जहाजही त्यांच्या शेजारी आलं.

मग साडेतीन वर्षं काहीच घडलं नाही. चार जहाजं झुवारीच्या तोंडाशी गंजत पडली. खलाशी किनाऱ्यावर उतरायचे, उधारीवर प्यायचे, घरच्या पत्रांची वाट बघायचे. बाहेर पडावं तर ब्रिटिश आरमार टपलेलं. ब्रिटिशांनाही चैन नव्हती. हान्सा कंपनीच्याच गोल्डनफेल्स आणि कांडेलफेल्स या जहाजांवर जर्मनांनी तोफा चढवल्या होत्या आणि ‘अटलांटिस’ व ‘पिंग्विन’ या नावांनी त्यांनी हिंदी महासागरात धुमाकूळ घातला होता. एहरेनफेल्स त्याच जातकुळीतलं, वेगवान जहाज. एखाद्या अमावास्येला ते निसटलं तर काय, ही धास्ती होतीच.

१९४२ साल उजाडलं तसे हाल वाढले. एप्रिलमध्ये जपानी विमानांनी कोलंबो, विशाखापट्टणम आणि काकीनाडा इथे बॉम्ब टाकले. डिसेंबरात कोलकात्यावर टाकले. समुद्रात दोस्तांची जहाजं बुडत होती. दिल्लीला संशय आला की मुरगावच्या जहाजांपैकी एखाद्यावर, बहुधा एहरेनफेल्सवर, बिनतारी यंत्र दडवलेलं आहे. मुंबईहून कोणतं जहाज कधी सुटलं याची बातमी गोव्यातले जर्मन हस्तक त्या यंत्रावरून पाणबुड्यांना पुरवत असावेत, असा तो संशय होता.

चोरट्या बिनतारी यंत्रामागे लागायची सरकारची ही त्या वर्षातली पहिली वेळ नव्हे. ऑगस्टपासून मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे साथीदार घर बदलत बदलत ‘काँग्रेस रेडिओ’ चालवत होते आणि पोलिसांच्या गाड्या त्यांचा माग काढत गल्लीबोळांतून फिरत होत्या. १२ नोव्हेंबर १९४२ ला ते पकडले गेले. मुंबईतलं यंत्र पकडायला वॉरंट आणि हातोडा पुरला. मुरगावचं पकडायचं तर मध्ये पोर्तुगाल आडवा होता.

आणि हीच खरी मेख होती. पोर्तुगाल तटस्थ होता, शिवाय ब्रिटनचा शेकडो वर्षांचा मित्र. सालाझारला दुखवून चालणार नव्हतं, कारण अटलांटिकमधली अझोर्स बेटं ब्रिटनला पाणबुड्यांविरुद्ध तळ म्हणून हवी होती. पोर्तुगिजांच्या तिमोरमध्ये १९४१ च्या डिसेंबरात दोस्तांनी सैन्य उतरवलं तेव्हा सालाझार आधीच भडकला होता. आता गोव्याच्या बंदरात ब्रिटिश युद्धनौका शिरली असती, तर अझोर्स विसरावं लागलं असतं. म्हणजे जहाजं तर जायला हवीत, पण ती ब्रिटिशांनी घालवली असं दिसता कामा नये.

हे काम ‘स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’ या गुप्त संघटनेच्या हिंदुस्थान शाखेकडे आलं. मेरठला कचेरी. प्रमुख कॉलिन मॅकेंझी, हा मूळचा शिवणदोऱ्याच्या कंपनीतला माणूस, पहिल्या महायुद्धात एक पाय गमावलेला. त्याच्या हाताखाली लुईस प्यू आणि गॅव्हिन स्टुअर्ट. १९४२ च्या अखेरीस हे दोघे साध्या वेशात गोव्यात उतरले. ‘त्रोंपेता’ या नावाने काम करणारा रॉबर्ट कॉख हा जर्मन हस्तक आणि त्याची बायको यांना त्यांनी गाडीत घातलं आणि सरहद्दीपार नेलं. ते जोडपं पुन्हा गोव्यात दिसलं नाही. हा भाग वाचताना हसू येत नाही.

कॉख गेला तरी संशय गेला नाही. पैसे चारून एखाद्या कप्तानाला जहाजासकट बाहेर काढावं, हाही विचार झाला होता, पण तो काही तडीस गेला नाही. मग उरला छापा. पण घालायचा कोणी? सैनिक पाठवले आणि एक जरी पकडला गेला तरी सालाझारपुढे मान खाली घालावी लागणार. तेव्हा प्यूला आठवण झाली कोलकात्याच्या ‘लाइट हॉर्स’ची.

१८७२ साली उभी राहिलेली ही हौशी घोडदळ पलटण. तिची माणसं बोअर युद्धात लढून आली होती, पण त्यालाही आता चाळीस वर्षं उलटून गेलेली. १९४३ मध्ये ती पलटण कमी आणि क्लब जास्त होती. सकाळी कचेरी, संध्याकाळी बार, आठवड्यातून एकदा कवायत, तीही जमली तर. तरुण सभासद केव्हाच खऱ्या सैन्यात गेले होते. मागे राहिलेल्यांतले बहुतेक चाळिशीच्या आसपासचे किंवा पलीकडचे. ढेऱ्या सुटलेल्या, केस उडालेले. युद्ध आपल्याला ओलांडून पुढे गेलं, ही खंत मात्र प्रत्येकाला. कर्नल बिल ग्राइसने त्यांना जमवलं आणि विचारलं: काम गुप्त आहे, जिवावरचं आहे, पगार नाही, पदक नाही, मेलात तर सरकार ओळखही दाखवणार नाही. कोण येतं? बहुतेक सगळेच पुढे झाले. शेवटी लाइट हॉर्सचे चौदा आणि ‘कलकत्ता स्कॉटिश’चे चार असे अठरा निवडले गेले.

आरमार मदत करणार नव्हतं, म्हणून जहाजही असंच शोधलं गेलं. कोलकाता बंदराची ‘फीबी’. हुगळीच्या पात्रातला गाळ पोटात भरायचा, समुद्रात न्यायचा, तळाची दारं उघडून ओतून द्यायचा, हे तिचं आयुष्यभराचं काम. अशा बार्जला कुणी दुसऱ्यांदा वळून बघत नाही. आरमारातला निवृत्त कमांडर बर्नार्ड डेव्हिस याने ती ताब्यात घेतली आणि लंकेला वळसा घालून कोचीनला आणली. छापेवाले आगगाडीने कोचीनला पोचले. घरी खरं कुणी सांगितलेलं नव्हतं. अशा वेळी बायकांना काय वाटलं असेल? चार दिवस नवरा ‘सरकारी कामाला’ जातो म्हणतो आणि जाताना जुनी खाकी चड्डी शोधतो.

त्याच सुमारास लाइट हॉर्सचाच एक सभासद, जॉक कार्टराइट, पुढे गोव्यात गेला होता. त्याची कामगिरी ऐकली तर बॉब होपच्या पटकथाकारांनीही ती जरा जास्तच झाली म्हणून वगळली असती. छाप्याच्या रात्री जहाजांवर माणसं कमीत कमी असायला हवीत. म्हणून त्याने एका अधिकाऱ्याचे हात ओले केले आणि जहाजांवरच्या अधिकाऱ्यांसाठी मेजवानी ठरवून घेतली. साध्या खलाशांसाठी वेगळी सोय होती: बंदरातल्या कुंटणखान्याचे आगाऊ पैसे भरून टाकले आणि त्या रात्री सगळ्यांना सगळं फुकट अशी हाळी उठवून दिली. साडेतीन वर्षं अडकून पडलेल्या, खिसा रिकामा झालेल्या माणसांना याहून मोठं आमिष काय दाखवणार?

रात्रही बेतानेच निवडलेली दिसते. १० मार्च १९४३ हा ख्रिस्ती पंचांगातला ‘राखेचा बुधवार’, म्हणजे उपासाचे चाळीस दिवस सुरू होण्याचा दिवस. त्याच्या आदली मंगळवारची रात्र म्हणजे गोव्याच्या कार्निव्हालची शेवटची रात्र. उद्यापासून उपास, म्हणून आज काय खायचं, प्यायचं, नाचायचं ते उरकून घ्या. आपल्याकडच्या पंचांगात पाहिलं तर फाल्गुन नुकता लागलेला. चंद्राची कोर रात्रीच्या पहिल्या प्रहरातच मावळून गेलेली. त्यात दीपगृह आणि वाट दाखवणारा बोया, दोन्ही त्या रात्री पेटलेले नव्हते, असं या मोहिमेची हकिकत सांगणारे लिहितात.

मध्यरात्र उलटून दोन वाजल्यानंतर फीबी एहरेनफेल्सच्या कुशीला लागली. पहारेकऱ्याने हटकलं असणारच, पण बंदरात गाळाची बार्ज येणं यात संशय घ्यावं असं काय होतं? तेवढ्या अवधीत शिड्या लागल्या आणि कोलकात्याचे शेठ धापा टाकत जहाजावर चढले. पुढचा अर्धा-पाऊण तास गोळीबार, आरडाओरडा, अंधारात धावाधाव. सगळे खलाशी काही फुकटच्या मौजेला भुलले नव्हते. कप्तान रोफर जहाजावरच होता, आणि असं काही होईल याची तयारी त्याने कधीची करून ठेवलेली होती. हल्ला झालाच तर जहाज शत्रूच्या हाती द्यायचं नाही. त्याच्या माणसांनी तळाच्या झडपा उघडल्या आणि आगी लावल्या. छापेवाले नांगराची साखळी तोडून जहाज बाहेर काढायच्या खटपटीत होते, आणि त्यांच्या पायाखाली एहरेनफेल्स कलायला लागलं होतं.

रोफर आणि त्याचे चार साथीदार मारले गेले. छापेवाल्यांपैकी कुणीही मेला नाही. ते घाईघाईने फीबीवर उतरले आणि अंधारात निघून गेले. मोहीम फत्ते झाल्याचा ठरलेला परवलीचा शब्द होता ‘लाँगशँक्स’.

आणि खरी गंमत त्यांच्या पाठीमागे घडली. एहरेनफेल्स पेटलेलं पाहून बाकीच्या तिन्ही जहाजांवरच्या माणसांना वाटलं की आता ब्रिटिश आरमार आलंच. त्यांनीही आपापल्या जहाजांना आगी लावल्या, झडपा उघडल्या. फीबीने एकाच जहाजाला हात लावला होता आणि तेही तिला नेता आलं नव्हतं. सकाळी पाहावं तर चार जहाजं तळाशी, चारही त्यांच्याच खलाशांनी घालवलेली! जे करायचं ठरलं होतं ते झालंच नाही आणि जे हवं होतं ते शत्रूने स्वतः करून दिलं. प्रहसनाचा तिसरा अंक याहून नीट बांधता येत नाही.

गोवा सरकारपुढे सकाळी पेच होता. परकी युद्धनौका दिसली नाही, परका सैनिक सापडला नाही. पोर्तुगिजांनी जर्मन आणि इटालियन खलाशांना पकडून कोठडीत टाकलं आणि आपसांतल्या भांडणातून त्यांनीच आपली जहाजं जाळली असा अर्थ लावला. खलाशी शपथेवर सांगत होते की हल्ला झाला, पण हल्लेखोर कुठे होते? ब्रिटिशांनी कानावर हात ठेवले. ऑगस्ट १९४३ मध्ये पोर्तुगालने अझोर्सचे तळ ब्रिटनला देण्याचा करार केला, ऑक्टोबरात ब्रिटिश तिथे उतरले. त्याच ऑक्टोबरात याच मुरगावात ‘तेइया मारू’ आणि ‘ग्रिप्सहोम’ ही जपानी व स्वीडिश जहाजं शेजारी उभी राहिली आणि अमेरिका-जपान यांनी एकमेकांच्या प्रत्येकी दीड हजाराच्या आसपास नागरिकांची अदलाबदल केली. तटस्थ बंदर म्हणून मुरगावची पत शाबूत राहिली होती.

छाप्याचा युद्धावर परिणाम किती झाला, याचे आकडे पुढे बरेच मिरवले गेले. मार्चच्या पहिल्या अकरा दिवसांत बारा जहाजं बुडाली आणि छाप्यानंतर उरलेल्या महिन्यात एकच, असा हिशेब दिला जातो. तो ऐकायला छान लागतो. पण त्या महिन्यांत जर्मन पाणबुड्या मुख्यतः आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे शिकार करत होत्या, आणि मुरगावच्या यंत्रावाचून त्यांचं अडलं असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही, असं पुढच्या अभ्यासकांचं म्हणणं. मला ते पटतं. छाप्याचा नक्की फायदा सांगायचा तर एवढाच की चार जहाजं पुन्हा कधी समुद्रात उतरणार नाहीत ही खात्री झाली, आणि तीही सालाझारला न दुखवता.

आणि ते अठरा जण? पुन्हा टाय बांधून कचेरीत गेले. रजा संपली होती. घडलंच नाही त्याचं पदक कसं देणार, म्हणून पदक नाही. सोमवारी तागाचे भाव, शनिवारी क्लब. त्याच वर्षी त्यांच्या क्लबाबाहेरच्या फुटपाथांवर दुष्काळाने माणसं मरून पडू लागली. बंगालच्या त्या दुष्काळात लाखोंनी बळी गेले. मुरगावच्या साहसकथेत तो येत नाही. १९४७ मध्ये इंग्रज गेले, लाइट हॉर्स बरखास्त झाली, आणि गुपित तीसेक वर्षं दडून राहिलं. १९७८ साली जेम्स लीझरने ‘बोर्डिंग पार्टी’ हे पुस्तक लिहिलं तेव्हा ते चव्हाट्यावर आलं.

सिनेमा येणारच होता. १९८० मध्ये अँड्र्यू मॅकलॅग्लेनचा ‘द सी वुल्व्हज’ आला. ग्रेगरी पेक झाला प्यू, डेव्हिड निव्हन ग्राइस, आणि गॅव्हिन स्टुअर्टच्या भूमिकेत चक्क रॉजर मूर, म्हणजे त्या वेळचा पडद्यावरचा जेम्स बाँड. त्यातलं चित्रण गोव्यातलंच. ज्या गोष्टीची खरी गंमत हेर न शोभणाऱ्या माणसांमुळे होती, ती गोष्ट हॉलिवुडने शेवटी जगातल्या सगळ्यात शोभिवंत हेराच्या हाती दिली. बॉब होपचं चुकलं नव्हतं, मूरचं चुकलं. सिनेमा वाईट नाही, पण तिथे सगळे आधीच शूर आहेत, त्यामुळे धाप लागत नाही. आणि गोवेकर त्यात नाचायला, दारू ओतायला आणि पळायला तेवढे आहेत. त्या कुंटणखान्यातल्या बायकांना त्या रात्री कुणी किती दिले, याची नोंद मेरठच्या दप्तरात असण्याचं कारणच नव्हतं.

गेल्या जत्रेत ही सगळी हकिकत मी शेजारच्या वाडीतल्या एका जुन्या तांडेलाला सांगत होतो. देवळामागे ओहोटी लागली होती, वाळूवर खाजा-मालवणी लाडवांची दुकानं उठत होती. साहेबांच्या ढेऱ्यांपाशी तो हसला, फुकटच्या कुंटणखान्यापाशी खाकरला. चार जहाजं बुडाली तेव्हा ‘बरा झाला’ म्हणाला, कुणाचं बरं झालं ते काही बोलला नाही. मग बराच वेळ गप्प राहून त्याने विचारलं,

“बंदरातले दिवे इजयल्यानी म्हणतंस. मगे तेच रातीक मासे मारूक गेलेले होडयेवाले घराक कशे इले?”